निर्धोक जमिनीची नोंद

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूसुरुंग हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील माणसाला गडचिरोलीचा रस्ता आठवतो. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ झालेल्या सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. तो सुरुंग एका विशिष्ट वाहनाची वाट पाहत होता. आज मी ज्या सुरुंगांविषयी बोलणार आहे ते कोणा एकाची वाट पाहत नाहीत. युद्धात सैन्ये ते शेतात, पाणवठ्यावर, पुलाच्या पायथ्याशी पेरतात. पुढे तह होतो, सैन्ये परततात, परंतु सुरुंग जागच्या जागी राहतात. वीस-तीस वर्षांनंतर त्यांवर वासराचा खूर पडतो किंवा शाळेला निघालेल्या मुलाचा पाय पडतो.

हा विषय आपणांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपणांस पडला असेल. मी कलाशाखेचा पदवीधर. स्फोटकांचे शास्त्र मला अवगत नाही. परंतु माझी निम्मी नोकरी तक्ते मागविण्यात, तपासण्यात आणि त्यांवरून माहिती देण्यात गेली आहे. सुरुंग काढण्याच्या कामाविषयी वाचताना असे ध्यानात आले की, धातुशोधक यंत्राइतकेच महत्त्वाचे साधन तेथे नोंदवही हे आहे. ती कशी आखावी, हा प्रश्न आपल्या रोजच्या कामापासून फारसा दूर नाही.

नोंदीची गरज का?

सुरुंगांची नोंद ठेवणे हे केवळ सोयीचे नव्हे, तर कायद्याचेही बंधन आहे. १९८० च्या पारंपरिक शस्त्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सुधारित दुसरा उपकरार १९९६ मध्ये तयार झाला. भारतानेही तो स्वीकारला आहे. सुरुंग कोठे पेरले याची नोंद ठेवावी आणि संघर्ष संपल्यावर ते काढावेत, असे त्यात सांगितले आहे. १९९७ चा ओटावा करार याहून पुढे गेला. तो १ मार्च १९९९ पासून अंमलात आला. माणसांना लक्ष्य करणाऱ्या सुरुंगांवर त्याने संपूर्ण बंदी घातली आणि सभासद राष्ट्रांना आपली भूमी दहा वर्षांत सुरुंगमुक्त करण्यास सांगितले. भारत या कराराचा सभासद नाही. मात्र दीडशेहून अधिक राष्ट्रांनी तो मान्य केला आहे.

दहा वर्षांत भूमी मुक्त करावयाची, तर किती भूमी ग्रस्त आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे. अडचण येथेच सुरू झाली. १९९९ मध्ये कोसोव्होतील युद्ध थांबल्यावर तेथे अनेक संस्था कामास लागल्या. युगोस्लाव सैन्याकडून सुरुंगक्षेत्रांच्या नोंदी मिळाल्या, नाटोकडून क्लस्टर बॉम्ब टाकलेल्या जागांची माहिती मिळाली आणि गावकऱ्यांच्या सांगण्यावरून तिसरीच माहिती जमा होऊ लागली. हे सर्व एका सूत्रात बांधण्यासाठी, जिनिव्हा येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या मानवतावादी सुरुंग-निर्मूलन केंद्राने झुरिचच्या तंत्रविद्यापीठाच्या साहाय्याने तयार केलेली संगणकीय माहितीपद्धती तेथे प्रथम वापरण्यात आली. ‘इम्स्मा’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या अनेक देशांत गेल्या.

या पद्धतीच्या मुळाशी जो विचार आहे त्यास माहितीचा आराखडा म्हणतात. कोणकोणत्या वस्तूंची नोंद ठेवावयाची, प्रत्येकीविषयी काय लिहावयाचे आणि त्यांचा परस्परांशी संबंध कसा जोडावयाचा, हे ठरविणे म्हणजे आराखडा आखणे. यंत्र नंतर येते. आराखडा चुकला तर उत्तम यंत्रही चुकीचीच माहिती अधिक वेगाने देते.

जागा वेगळी, काम वेगळे

आराखड्यातील पहिला प्रश्न असा, की एका सुरुंगक्षेत्राला एक ओळ देऊन भागेल काय? वरवर पाहता भागेल असे वाटते. गावाचे नाव, क्षेत्रफळ, आणि शेवटी ‘साफ झाले’ किंवा ‘झाले नाही’. परंतु प्रत्यक्षात निम्मे क्षेत्र एका वर्षी साफ होते, पावसामुळे काम थांबते, पुढील वर्षी दुसरे पथक येते. प्रत्येक वेळी तीच ओळ बदलली, तर आधी कोणी काय केले होते ते पुसले जाते. उद्या त्या शेतात अपघात झाला, तर ते तुकड्याचे काम कोणत्या पथकाने, कोणत्या दिवशी केले आणि कोणी तपासले, याचे उत्तर कोठेच मिळत नाही.

आपला सात-बाराचा उतारा येथे उपयोगी पडतो. गाव नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो, तर नमुना बारा त्या जमिनीत वर्षानुवर्षे कोणते पीक घेतले ते सांगतो. जमीन एक, तिच्यावरील घडामोडी अनेक. म्हणून दोन नमुने, आणि त्यांना जोडणारा गट क्रमांक एकच. सुरुंगांच्या आराखड्यातही असेच केले जाते. धोक्याची जागा ही एक नोंद. तिच्याविषयी झालेले प्रत्येक सर्वेक्षण, प्रत्येक दिवसाचे सफाईचे काम, प्रत्येक तपासणी आणि अखेरीस जमीन गावाच्या स्वाधीन केल्याचे प्रमाणपत्र, या निरनिराळ्या नोंदी. आणि त्या साऱ्यांवर त्या जागेचा एकच क्रमांक.

दुसरी गोष्ट फेरफाराची. खातेदार बदलला म्हणून जुने नाव खरवडून काढण्याची आपली रीत नाही. जुन्या नावास कंस होतो आणि फेरफाराचा क्रमांक लागतो. त्या क्रमांकावरून नमुना सहा उघडला की बदल केव्हा आणि कशाच्या आधारे झाला ते कळते. सुरुंगक्षेत्राची स्थितीही अशीच नोंदली पाहिजे. ‘संशयित’ हा शेरा जाऊन ‘निर्धोक’ हा शेरा आला, तर तो बदल तारखेसह, अधिकाऱ्याच्या नावासह आणि पुराव्यासह कायम राहिला पाहिजे.

संशय आणि खात्री

आता सर्वांत नाजूक भागाकडे येतो. मोझांबिकमध्ये स्वातंत्र्ययुद्ध आणि त्यानंतरचे यादवी युद्ध यांत सुरुंगांची पेरणी झाली. ऑक्टोबर १९९२ मध्ये शांतता करार झाला. २००१ मध्ये तेथे देशव्यापी पाहणी पूर्ण झाली, तीत सुमारे ५६० चौरस किलोमीटर भूमी संशयित म्हणून नोंदली गेली. गावकरी सांगत, ‘त्या टेकडीपलीकडे जाऊ नका’, आणि सारी टेकडी वहीत जाई. २००७-०८ मध्ये बारकाईने फेरपाहणी झाली तेव्हा काम शिल्लक असलेली भूमी सुमारे १२ चौरस किलोमीटर निघाली. मधल्या काळात काही भाग साफ झाला होता हे खरे, आणि पुढे काही नव्या जागाही सापडल्या. परंतु मूळच्या आकड्याचा फार मोठा भाग सुरुंगांचा नव्हता, संशयाचा होता. १७ सप्टेंबर २०१५ रोजी मोझांबिक सुरुंगमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले. पहिलाच आकडा खरा धरून इंच इंच भूमी तपासली असती, तर तो दिवस कितीतरी लांबला असता.

वहीतील संशयाचीही किंमत कोणीतरी मोजत असते. ज्याची जमीन विनाकारण संशयित ठरली तो शेतकरी पेरणी करीत नाही; किंवा पोटासाठी करतो, आणि पाटीवरील इशाऱ्यावरचा साऱ्या गावाचा विश्वास उडतो. उलट, खरोखर ग्रस्त असलेली जमीन निर्धोक म्हणून लिहिली गेली तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांनी दोन वेगळ्या संज्ञा ठरविल्या. अप्रत्यक्ष पुरावा असेल तर ‘संशयित धोकाक्षेत्र’ आणि प्रत्यक्ष पुरावा असेल तर ‘निश्चित धोकाक्षेत्र’. जमीन मोकळी करण्याचेही तीन मार्ग वेगवेगळे नोंदले जातात. चौकशीअंती धोक्याचा पुरावाच नाही असे ठरले तर क्षेत्र ‘रद्द’ होते. यंत्रे वा पथके आत नेऊन तपासल्यावर जेथे काही आढळत नाही तो भाग ‘वगळला’ जातो. आणि जेथे संपूर्ण भूमी शोधून सुरुंग काढून नष्ट केले, तो भाग ‘साफ केलेला’ ठरतो. तिघांची बेरीज एकाच रकान्यात केली, तर अहवाल भरघोस दिसेल, पण वाचणाऱ्याची फसगत होईल.

येथे एक स्वानुभव सांगतो. टंचाईच्या एका वर्षी गावोगावच्या पाण्याच्या स्थितीचा तक्ता आमच्याकडे आला. टँकरची मागणी किती, असा एक रकाना होता. काही गावांचे रकाने कोरे होते. बेरीज करताना कोरी जागा म्हणजे शून्य असे धरले गेले, आणि ‘या गावांची मागणी नाही’ अशी माहिती मीच पुढे दिली. वास्तविक त्या गावांतून तक्ता भरूनच आला नव्हता. तेथे टँकर आठ दिवस उशिरा पोहोचला. त्या आठ दिवसांत बायाबापड्यांनी किती मैल पायपीट केली असेल, त्याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता. तेव्हापासून ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतील अंतर मी विसरलेलो नाही. सुरुंगांच्या आराखड्यात ही दोन उत्तरे वेगळी ठेवावीच लागतात. ‘सुरुंग नाहीत’ हे तपासणीनंतरचे विधान आहे. ‘कोणी पाहिले नाही’ हा अद्याप न झालेल्या कामाचा इशारा आहे.

कोठे आणि किती खोल

ठिकाणाची नोंद सोपी वाटते, पण तीही फसवी असते. सुरुंगक्षेत्राच्या नोंदीत आधी एक सहज ओळखू येणारी पक्की खूण घेतात, उदाहरणार्थ पुलाचा कोपरा. तेथून दिशा आणि अंतर मोजून सीमेवरील प्रत्येक वळणबिंदू लिहितात. आता उपग्रहाच्या साहाय्याने अक्षांश-रेखांशही मिळतात. परंतु ते कोणत्या मोजणीच्या आधारावर घेतले हे लिहिले नाही, तर घोटाळा होतो. कंबोडियाच्या जुन्या लष्करी नकाशांचा आधार ‘इंडियन १९६०’ या नावाने ओळखला जातो, कारण त्याचे मूळ भारताच्या सर्वेक्षणात आहे. आजच्या उपग्रही मोजणीशी त्याची तुलना केली तर तोच बिंदू शेकडो मीटर सरकतो. शेकडो मीटर म्हणजे शेत सोडून शाळेच्या अंगणात! म्हणून आराखड्यात आकड्यांच्या शेजारी मोजणीच्या आधाराचाही रकाना असावा लागतो. गावांच्या नावांचेही तसेच. एकाच गावाचे नाव तीन पथके तीन तऱ्हांनी लिहितात, आणि वहीत तीन गावे उभी राहतात. प्रत्येक गावास ठरीव संकेतांक देणे हाच त्यावर उपाय.

खोलीचा रकाना तर शेतकऱ्याच्या जिवाशीच निगडित आहे. सुरुंग किती खोल असतील याची अन्य माहिती नसेल, तर किमान १३ सेंटिमीटर खोलीपर्यंत भूमी साफ करावी, असे आंतरराष्ट्रीय मानकांनी सुचविले होते. तेरा सेंटिमीटर म्हणजे पुरती वीतही नव्हे. ट्रॅक्टरचा नांगर त्याहून खोल जातो, आणि विहिरीचे वा घराच्या पायाचे खोदकाम तर कितीतरी खोल. पुराच्या गाळाखाली सुरुंग आणखी खोल जाऊ शकतो. म्हणून ‘साफ केले’ एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत. किती खोल साफ केले आणि पुढे ती जमीन कशासाठी वापरली जाणार आहे, हे दोन्ही प्रमाणपत्रावर हवे. तेही गावकऱ्यांना कळेल अशा भाषेत.

माणसांची नोंद

अखेरची नोंद माणसांची. कंबोडियात १९७९ पासून सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा यांमुळे ६४ हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. तेथील रेडक्रॉसने १९९४ पासून अपघातग्रस्तांची पद्धतशीर नोंद सुरू केली. एका अपघातात अनेक माणसे सापडू शकतात, म्हणून अपघाताची नोंद वेगळी आणि प्रत्येक व्यक्तीची वेगळी. वय काय, अपघाताच्या वेळी ती काय करीत होती, तेथे इशाऱ्याची पाटी होती काय, जागा धोक्याची आहे हे तिला ठाऊक होते काय, असे प्रश्न विचारले जातात. यांतील शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व मोठे आहे. ठाऊक नव्हते असे उत्तर आले तर शिक्षकाने शाळेत जाऊन शिकविले पाहिजे. ठाऊक होते, तरीही सरपणासाठी गेलो, असे उत्तर आले तर नुसत्या शिकवणीने भागणार नाही. त्या घराच्या चुलीची व्यवस्था करावी लागेल. एका रकान्याने शासनाच्या कामाची दिशा बदलते. मात्र जखमी माणसाचे नाव आणि त्याचे अपंगत्व ही चव्हाट्यावर मांडण्याची माहिती नव्हे. नकाशा सर्वांसाठी खुला असावा, व्यक्तीची नोंद जपून ठेवावी.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला सुरुंगक्षेत्राची वही येणार नाही. परंतु विहिरीच्या पाण्याची तपासणी, धोकादायक शाळाखोली, पूररेषेतील घरे, या नोंदी आपल्याच हातून होतात. पाणी ‘पिण्यास योग्य’ असे लिहिताना ते केव्हा, कोणी आणि कशाच्या आधारे तपासले, हेही आपण लिहितो काय? न तपासलेली विहीर आपल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसते? तालुक्याला पाठविण्यापूर्वी एकदा हा तक्ता डोळ्यांखालून घालावा, एवढीच माझी विनंती आहे. सुरुंग काढलेल्या शेताचे प्रमाणपत्र देताना तेथील अधिकारी गावकऱ्यांसमोर त्या भूमीवरून स्वतः चालून दाखवितात, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. आपण सही केलेल्या नोंदीवरून आपल्याला तसे चालता येईल काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.