नवा जोडा : ठेवावा की परत करावा?

नवा जोडा घरी आला आणि चावू लागला, की घरोघर एकच वाक्य ऐकू येते : "वापरता वापरता होईल सैल." हे वाक्य निम्मेच खरे आहे. कातडे रुंदीला सैलावते, लांबीला वाढत नाही. पंजाला बाजूंनी किंचित आवळणारा कातडी बूट ठेवावयास हरकत नाही. परंतु ज्याच्या टोकाला बोट टेकते, तो वर्षभर घातला तरी टेकतच राहणार. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पारख सायंकाळी करावी, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. ती सतरंजीवर करावी. तळाला रस्त्याची माती लागली, की दुकानदाराशी बोलणे अवघड होते.

कोल्हापुरी चपलेचा न्याय निराळा. कोल्हापूरची असो वा अथणीची (२०१९ मधील भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे), ती पहिले काही दिवस चावणारच. तेवढ्यावरून ती परत करणे हा उतावळेपणा होय. तिला तेलाचा हात द्यावा. टाच मात्र मागे बाहेर येत असेल, तर तेलाचा उपयोग नाही.

मधुमेही माणसाने थांबून पाहूच नये. पुष्कळदा त्याच्या पायाची संवेदना मंदावलेली असते. चावा कळत नाही, फोड कळत नाही, आणि कळते तेव्हा जखम चिघळलेली असते. मुलाने हौसेने शहरातून बूट आणावेत आणि वडिलांनी त्याचे मन मोडू नये म्हणून ते निमूटपणे घालावेत, हे चित्र पुष्कळ घरांतले आहे. येथे भीड फार महाग पडते.

कपड्यांचे तितके अवघड नाही. शिवणीत माया सोडलेली असेल, तर कंबर सैल करता येते. खांद्यात आखूड असलेला सदरा मात्र शिंपीही सहसा सुधारू शकत नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, हेही ध्यानात घ्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण माप न बसणे हा मालाचा दोष नव्हे. तेव्हा बदलून देण्याची मुदत पैसे देण्यापूर्वीच विचारून बिलावर लिहून घ्यावी, आणि तोवर खोका फेकू नये.