तरुण वयातील मंद दृष्टी : दृष्टिबिंबाचा दाह



पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने पुढे निघाले की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दृष्टीस पडतो. १९६८ मध्ये या डोंगराच्या परिसरात पक्षी अभयारण्य स्थापन झाले. सुळका पाहणाऱ्याच्या एका डोळ्याची दृष्टी मंदावलेली असली, तरी दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो. त्यामुळे ती उणीव अनेकदा त्याच्या स्वतःच्याही ध्यानी येत नाही.

डोळ्याच्या मागील भागात, जेथे दृष्टिमज्जा डोळ्याबाहेर पडते, तेथे सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचे वाटोळे दृष्टिबिंब असते. दृष्टिपटलातील दहा लाखांहून अधिक मज्जातंतू येथे एकत्र येतात. मुख्य रोहिणी व नीलाही येथूनच जातात. या रक्तवाहिन्यांना दाह झाला की बिंब सुजते, नीला फुगतात व लहान रक्तस्राव दिसतात. हा विकार बहुधा निरोगी तरुणांना, एकाच डोळ्यास होतो. डोळा लाल होत नाही, सहसा दुखतही नाही. केवळ धूसर दिसते.

भारतीय वंशाचे नेत्रशास्त्रज्ञ डॉ. सोहनसिंग हेरे यांनी १९७२ मध्ये या विकाराचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात बिंबाची सूज मुख्य असते व दृष्टी बहुधा टिकते. दुसऱ्यात मुख्य नीलेतील रक्तप्रवाहास अडथळा येतो.

याच्याशी नाते सांगणारा, परंतु दृष्टिपटलाच्या कडेकडील नीलांना ग्रासणारा ईल्सचा विकार भारतात अधिक आढळतो. हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात तरुण पुरुषांच्या डोळ्यांत वारंवार रक्तस्राव होतो व डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागतात. क्षयरोगाशी त्याचा संबंध असल्याचे अनेक तज्ज्ञ मानतात.

बिंबाची सूज म्हणजे नेहमी हाच विकार, असे मात्र नव्हे. मेंदूभोवतीचा दाब वाढल्यास दोन्ही बिंबे सुजतात. रक्तदाब व मधुमेह यांचीही चिन्हे दृष्टिपटलावर उमटतात. म्हणून बाहुली विस्फारून डोळ्याचा पडदा तपासणे अत्यावश्यक ठरते. दाह कमी करणारी स्टिरॉइड औषधे गुणकारी असली, तरी क्षयासारखा संसर्ग नाही याची खात्री होण्यापूर्वी ती घेणे धोक्याचे असते. ईल्सच्या विकारात लेसर किरणांचा व प्रसंगी शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

१९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मोतीबिंदूची शिबिरे गावोगावी पोहोचली. परंतु पंचवीस वर्षांचा तरुण मोतीबिंदूच्या शिबिरास सहसा येत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे समजून तो महिने घालवतो.

येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरते. प्रत्येक डोळा आलटूनपालटून तळहाताने झाकून दूरची वस्तू पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना व युवक मंडळांना लावता येईल. कर्नाळा परिसरात त्यासाठी तो सुळकाच पुरेसा आहे. एका डोळ्याने तो अंधुक दिसला, तर औषधाच्या दुकानातून थेंब न घेता पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. गरज भासल्यास तेथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईस जावे. दृष्टी एकाएकी गेल्यास मात्र त्याच दिवशी तपासणी झाली पाहिजे.

ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. तिला खर्च नाही. ती वेळीच झाली, तर एखाद्या तरुणाचा डोळा वाचू शकतो.