आशाताईंच्या हाती कोणते पुस्तक?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आशा कार्यकर्तींच्या मानधनाचा प्रश्न आपल्या चळवळीने हाती घेतला, हे योग्यच झाले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, २०२३ च्या अखेरीस पुन्हा गेल्या, आणि दोन्ही वेळा आपले कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. त्या मानाने माझा आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. आशांना काय शिकवायचे हे कोण ठरवतो, त्यांच्या हाती कोणते पुस्तक दिले जाते आणि त्या पुस्तकात काय येत नाही, एवढाच तो विषय आहे. हा प्रश्न आपण आजवर अधिकाऱ्यांवर आणि डॉक्टरांवर सोपवून मोकळे झालो आहोत. माझे म्हणणे असे की, मानधनाचा प्रश्न आणि हा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. श्रमाचा दर पुष्कळ अंशी त्या श्रमातील कौशल्याला समाज मान्यता देतो की नाही यावर ठरतो. जिचे ज्ञान सरकारदरबारी ज्ञान म्हणून धरलेच जात नाही, तिला स्वयंसेविका म्हणणे सोपे जाते. आणि स्वयंसेविकेला वेतनाऐवजी कामागणिक मोबदला देऊन भागते.

थोडा इतिहास पाहू. गावातल्याच माणसाला शिकवून आरोग्यसेवेत घ्यावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये तशी स्पष्ट शिफारस केली, आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. त्या वेळचे आरोग्यमंत्री राजनारायण समाजवादी परंपरेतलेच होते, तेव्हा त्या योजनेच्या यशापयशाचा हिशेब आपण परक्याचा म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. हजार लोकवस्तीमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात महिना दोनशे रुपये विद्यावेतन, पुढे महिना पन्नास रुपये मानधन आणि पन्नास रुपयांची औषधे, अशी तिची रचना होती. निवडले गेलेले बहुसंख्य पुरुष होते. स्त्रिया आणि मुले हा ज्या कामाचा गाभा, तिथेच पहिली अडचण झाली. पण मला लक्ष वेधायचे आहे ते शिकवण्याच्या रीतीकडे. पुस्तिका केंद्रात तयार झाली आणि तिची प्रांतोप्रांती भाषांतरे झाली. शिकवण्याची जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांवर पडली. त्यांना शिकवण्याची कला कुणी शिकवली नव्हती, आणि हा नवा माणूस आपला सहकारी आहे की प्रतिस्पर्धी, हेही त्यांच्या मनात ठरले नव्हते. तीन महिने संपले की शिक्षण संपले. पुढे योजनेची नावे बदलत गेली, १९८१ मध्ये तिचा ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ झाला, आणि हळूहळू ती कागदावर उरली.

याच काळात आणि याच महाराष्ट्रात दुसरी एक रीत आकाराला येत होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. तेथील ग्राम आरोग्य कार्यकर्त्या बहुतांशी दलित व गरीब घरांतल्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. आपल्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे त्यांच्यासाठी पुस्तक लिहिणेच शक्य नव्हते. मग शिक्षण पुस्तकावाचून झाले. त्या वारंवार जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, आपल्या गावात काय घडले ते सांगत, आणि त्या सांगण्यातूनच पुढचा धडा निघे. शिक्षणाला शेवटचा दिवस असा नव्हता. जातीची उतरंड मोडणे हा त्या अभ्यासक्रमाचा भाग होता. कारण ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नाही, तिच्या हातून गाव औषध कसे घेईल?

गडचिरोलीचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था १९८६ मध्ये स्थापली. बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया, आणि तो ओळखण्याची साधी खूण म्हणजे मिनिटाला किती श्वास चालतात ती संख्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्या बाळात वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, तर धोका. आता गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही, आणि घड्याळही वाचता येत नाही. येथे नेहमीचा शिक्षणतज्ज्ञ काय म्हणेल? एकतर म्हणेल की हिला आधी गणित शिकवा, नाहीतर म्हणेल की हे काम हिचे नव्हेच, शिकलेली बाई आणा. गडचिरोलीत यातले काहीच झाले नाही. एक साधन तयार करण्यात आले. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आणि ओळीत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत त्या ओळीतले मणी संपले, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार सुरू करायचा. तिला दहापर्यंत मोजता येत होते, तेवढ्यावर काम भागले.

मी पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची, हा आमच्या शास्त्रातला मूळ प्रश्न. त्या मण्यांच्या साधनाकडे पाहिले की वाटते, निदान करण्याची शक्ती हेही एक उत्पादनाचे साधन आहे, आणि ते इथे एका निरक्षर बाईच्या मालकीचे झाले. पुढे १९९३ पासून त्याच भागात नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. एकोणचाळीस गावांत गावातल्याच स्त्रिया शिकवून तयार केल्या. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला त्या प्रतिजैविकाचे इंजेक्शनसुद्धा देत. या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने बासष्ट टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. डॉक्टरांच्या व्यवसायाला हे पचायला जड गेले, यात आश्चर्य नाही.

आता राष्ट्रीय कार्यक्रमाकडे वळतो. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून ‘आशा’ जन्माला आली. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत. आरंभी वर्षभरात विभागून तेवीस दिवसांचे प्रशिक्षण आणि पाच पुस्तिका अशी योजना होती. पुढे सहावी आणि सातवी पुस्तिका आली, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत मिळून वीस दिवसांची. या दोन पुस्तिकांच्या मुळाशी गडचिरोलीचाच अनुभव आहे, आणि २०११ पासून आशांनी घरोघर जाऊन नवजात बाळ तपासण्याचा कार्यक्रम त्यावरच उभा राहिला. जन्मापासून बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी सहा किंवा सात भेटी. बाळाला तोलायचे, ताप पाहायचा, आईला स्तनपानात मदत करायची. या पुस्तिका मी वाचल्या आहेत आणि त्या वाईट आहेत असे मुळीच म्हणणार नाही. चित्रे आहेत, पायरीपायरीने कृती आहेत, हाताने करून पाहायचे भाग आहेत. १९७७ च्या मानाने हे पाऊल फार पुढचे.

तथापि गडचिरोलीचा प्रयोग देशभर नेताना वाटेत काय गळाले तेही पाहिले पाहिजे. इंजेक्शन देण्याचे काम आशांकडे आले नाही. २०१४ मध्ये ते ठरावीक परिस्थितीत आरोग्यसेविकेला, म्हणजे एएनएमला, देण्यात आले. याला कारण होते. गडचिरोलीत मागे सततची देखरेख होती, आणि ती देशभर उभी करणे सोपे नव्हे. पण गळाले ते नेमके उपचाराचे कठीण कौशल्य, आणि भेटींची संख्या व भरायचे तक्ते मात्र जसेच्या तसे पोचले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. उपचाराचा अधिकार वरच्या पायरीवर थांबला आणि पायपीट खालच्या पायरीपर्यंत आली. आपल्या समाजात श्रमाची विभागणी पूर्वीपासून अशीच होत आली आहे.

दुसरी गळती शिकवण्याच्या साखळीत होते. राष्ट्रीय प्रशिक्षक राज्याच्या प्रशिक्षकांना शिकवतात, ते जिल्ह्याच्या, आणि ते शेवटी आशांना. प्रत्येक कडीशी काही वेळ कमी होतो, काही कृती सांगूनच भागवल्या जातात. एका तालुक्याच्या गावी असा वर्ग पाहण्याचा योग मला आला. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या, पण त्या पान वाचून दाखवत होत्या आणि साऱ्या आशा ओळींवर बोट फिरवत होत्या. ‘निर्जलीकरण’ हा शब्द आला. एकीने शेजारणीला हळूच विचारले. ती म्हणाली, “अगं, हगवणीनं पोरगं सुकतं ते.” संपूर्ण पानाचा अर्थ त्या एका वाक्यात आला होता, पण ते वाक्य कुठल्याच पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत जाणार नव्हते, कारण ते वर पोचवण्याची सोयच नाही.

भाषेचा हा मुद्दा मी शुद्धाशुद्धतेच्या वादासाठी काढत नाही. आईला जो शब्द ठाऊक आहे त्याच शब्दाने ती धोका सांगते. विदर्भात बाळाला ‘डब्बा’ झाला म्हणतात, हिंदी प्रदेशात पसली चालते म्हणतात. प्रशिक्षणाच्या पुस्तकात हा शब्द नसेल, तर आशा आईचे बोलणे ऐकेल आणि तिच्या मनात पुस्तकातले पान उघडणारच नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारात भिल्ली आणि पावरी बोलणाऱ्या आयांची गोष्ट तर पुढचीच.

आता थोडे माझ्या विषयाचे. प्रशिक्षणाला येणाऱ्या बाईचा खर्च कोणी मांडला आहे? पाच दिवस ती मजुरीला जात नाही, घरचे पाणी-सरपण दुसऱ्या कुणावर पडते, बहुधा शाळेतल्या मुलीवर. तिला मिळणाऱ्या भत्त्याचे समर्थन करताना ‘शिकायला तर मिळते आहे’ असे म्हटले जाते. सरकारी अधिकारी प्रशिक्षणाला जातो तेव्हा त्याचा पगार चालू असतो. त्याला कुणी असे ऐकवत नाही. शिवाय अंदाजपत्रकात छपाईला आणि सभागृहाला ठरलेली जागा असते. मसुदा चार गावांत नेऊन आशांकडून तपासून घेणे, कळत नाही ते बदलणे, पुन्हा नेणे, या कामाला पैसे ठेवणे कुणाला आवश्यक वाटत नाही. आणि मग न कळणारी पुस्तके लाखांनी छापली जातात. याला काटकसर म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांनी १९७७ मध्येच एका निबंधाच्या शीर्षकात प्रश्न विचारला होता की, ग्राम आरोग्य कार्यकर्ता हा ताबेदार की मुक्तिदाता? ‘डॉक्टर नसेल तेथे’ या अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक जगभर गेले. १९८२ मध्ये त्यांनी आणि बिल बॉवर यांनी आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवावे कसे यावर वेगळा ग्रंथच लिहिला. त्यांच्या प्रश्नाची कसोटी आपल्या पुस्तिकांना लावून पाहा. गरोदर बाईला दवाखान्यात न्या, हे आशेला शिकवले जाते. पण दवाखान्यात डॉक्टरच नसेल तर? औषध बाहेरून आणायला सांगितले तर? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या निधीचा हिशेब गावाने कसा मागावा? तिच्या स्वतःच्या कामाचे दर काय, पैसे थकले तर दाद कुठे मागायची? या गोष्टींचा उल्लेख कुठे येतोही, पण श्वास मोजण्याच्या कृतीइतका सराव त्यांचा करून घेतला जात नाही. छत्तीसगडमध्ये २००२ साली सुरू झालेल्या मितानिन कार्यक्रमात निवड पाड्यापाड्यांतून झाली आणि लोकांच्या हक्कांचा भाग शिक्षणात पहिल्यापासून धरला गेला. तोही सरकारी कार्यक्रमच होता, तेव्हा सरकारी चौकटीत हे अशक्य आहे असे आपल्याला कुणी सांगू नये.

आता नवी पुस्तिका म्हणजे मोबाइल. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा अर्ज भरा, कंबर मोजा, तंबाखू विचारा, गुण मांडा, चारांपेक्षा जास्त झाले की तपासणीला पाठवा. रक्तदाब आणि मधुमेह गावात आहेतच, तेव्हा हे काम निरुपयोगी नाही. पण अर्ज भरायला शिकणे म्हणजे रोग समजणे नव्हे. चित्रफितीने शिकवावे, त्यालाही हरकत नाही. चांगली चित्रफीत सुमार व्याख्यानापेक्षा बरी. पण चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही, आणि तिची माहिती चुकली तर आशेला ती दुरुस्त करता येत नाही.

आपल्या संघटनांच्या मागणीपत्रात मानधनाच्या खाली तीन ओळी वाढवाव्यात असे मी सुचवतो. प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाला किमान वेतनाच्या दराने पैसे मिळावेत. कोणतीही पुस्तिका छापण्यापूर्वी तिचा मसुदा त्या त्या जिल्ह्यातील आशांकडून तपासला जावा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद असावी. पुस्तिका लिहिणाऱ्या समितीत आशा आणि गटप्रवर्तक सदस्य म्हणून असाव्यात, निमंत्रित म्हणून नव्हे. हे मागताना डॉक्टरमंडळींशी भांडण काढण्याचे कारण नाही. त्यांच्यातील अनेकांनी हेच पूर्वी सांगितले आहे, आणि शास्त्रीय अचूकपणा तपासायला ते लागणारच.

आणि मागणी करण्याआधी थोडा गृहपाठ आपणही करावा. पुढच्या महिन्यात प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आठदहा आशांबरोबर बसून त्यांच्या हातातली पुस्तिका पानोपानी वाचावी. न कळलेला शब्द, त्यासाठी गावात चालणारा शब्द, आणि पुस्तकात नसलेली पण रोज आडवी येणारी अडचण, एवढे वहीत उतरवून घ्यावे. त्यांच्या सवडीने बसावे, शक्यतो दुपारी. सकाळी त्या घरभेटींवर असतात आणि संध्याकाळी चुलीपाशी. अक्षर कसेही असले तरी चालेल, पण त्यांनी सांगितलेले वाक्य आपल्या मराठीत सुधारून लिहू नये.