महाडनगरीत स्वागत असो

सन्माननीय अध्यक्ष महाराज, अभ्यासक मंडळी आणि घाट उतरून आलेल्या बंधू-भगिनींनो,

सावित्रीकाठच्या या गावात आपलं मनःपूर्वक स्वागत! वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतलं ग्रामीण पर्यटन, हा आपल्या चर्चेचा विषय महाडात कशाला, असं काहींनी विचारलं. चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब प्यायले ते १९२७ साली. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांच्या पहिल्या तीन मोटारी शिरल्या त्याही १९२७ सालीच. पुढे तिथले चांगले मुक्काम गोऱ्यांचे आणि काळ्या प्रवाशांना बालुलेचा साधा तळ. वेगळ्या सोयी समान नसल्या तरी चालतील, असं १९५३च्या कायद्याने ठरवलंच. १९६९मध्ये माकुलेके लोकांना उठवून त्यांची जमीन उद्यानाला जोडली. ती परत मिळायला १९९८ उजाडलं. बाकी जाणकार सांगतीलच.

मला बोलायचंय कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे यांच्याबद्दल. जन्म १९०३चा, आमच्या शेजारच्या लाडवलीचा. बाजाराला आलेल्या अस्पृश्य माणसाला तेव्हा महाडात घोटभर पाणी मिळत नसे. मोऱ्यांच्या खटपटीने अशा माणसांसाठी चहाचं दुकान निघालं. पायपीट करून आलेली माणसं तिथे टेकत, चहा घेत, अर्ज-पत्रं लिहून घेत. बाबासाहेब तळ्याचं पाणी प्यायले त्या मार्च १९२७च्या महाडच्या परिषदेमागे याच तरुणाची धावपळ होती. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी दिली. महाडच्या पाहुणचाराचा इतिहास लिहायचा तर त्या दुकानापासून लिहावा, असं माझं ठाम मत आहे. रायगड पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मोऱ्यांचं नाव कळलं पाहिजे.

आता व्यवस्थेबद्दल. काही प्रतिनिधींची सोय गावाबाहेर करावी लागली, तिथे काल रात्री वीज गेली, आंघोळीला गरम पाणी उशिरा पोचलं. ज्येष्ठांना त्रास झाला, त्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. जनरेटर आता आला आहे.

मंडप, गाद्या, तांदूळ फुकट देणारे व्यापारी, भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, आपल्या घरातल्या खोल्या मोकळ्या करून देणारी कुटुंबं, पहाटे चारपासून एसटी स्टँडवर उभी असलेली कॉलेजची मुलं आणि एका पैशाचीही पावती न मागता मुंबईहून देणगी पाठवणारे महाडकर, या साऱ्यांचे मी शतशः आभार मानतो. तळ्याकडे जाणाऱ्या गाड्या साडेचारला मंडपामागून सुटतील. अध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.