सत्तावीस गुणांची कुंडली

गेल्या ईदला पुण्यात शिकणारा माझा भाचा घरी आला. जेवणं झाली, पानदान फिरलं, आणि त्याने खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "मामू, यात चूक काय आहे?" कविता असेल म्हणून मी चष्मा लावला, तर सगळे आकडेच! ती एका योद्ध्याची कुंडली होती. भाचा दर रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर एक खेळ खेळतो, त्या खेळातला हा योद्धा. आणि त्या मंडळींनी त्याला सांगितलं होतं, "पुढचे काही रविवार तू येऊ नकोस."

मी साधा बी.ए. झालेला माणूस. माझं गणित मात्रा मोजण्यापलीकडे कधी गेलं नाही. पण पोराचा उतरलेला चेहरा बघून मी तो खेळ समजून घ्यायला बसलो.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून तो बाहेर पडला. पहिल्या खेपेला फक्त एक हजार प्रती छापल्या होत्या. त्याआधी हौशी मंडळी टेबलावर खेळण्यातलं सैन्य मांडून लढाया करत. या दोघांनी सैन्य बाजूला ठेवलं आणि प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच माणूस दिला. खेळ चालवणारा सांगतो, "समोर गुहा आहे, आतून धूर येतोय." बाकीचे सांगतात, आमचं पात्र आता काय करील. ते जमेल की नाही याची शंका असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आपल्या सारीपाटासारखं यात एकाने जिंकायचं आणि दुसऱ्याने हरायचं नसतं. तरली तर सगळी टोळी तरते.

प्रत्येक पात्राचे सहा गुण आकड्यांत मांडलेले असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप. पूर्वी तीन फासे टाकून येईल तो आकडा गुमान घ्यायचा. तिन्ही षटकार पडून अठरा येण्याची शक्यता २१६त एक. पुढे १९७९च्या नियमांत चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून देण्याची सोय झाली. २०१४च्या आवृत्तीत तर नशिबावर न विसंबण्याचाही मार्ग आहे. तुम्हाला २७ गुण मिळतात, ते बाजारात पैसे खर्चावेत तसे खर्च करायचे. सुरुवात आठपासून. तेरापर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण, त्यापुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. म्हणजे पंधरा गाठायला नऊ गुण लागतात. सत्तावीसला नवाने भागा! भाच्याने तेच केलं होतं. ताकद, चपळाई आणि काटकपणा पंधरा. बुद्धी, शहाणपण आणि छाप तळाला, आठवर.

वर त्याने योद्ध्याच्या हाती हालबर्ड दिलं होतं. हे लांब दांड्याचं हत्यार, टोकाला भाला आणि कुऱ्हाड एकत्र. त्याच्या जोडीला तीन कसबं मिळवली होती. पहिल्याने दहा फुटांच्या आत शिरणाऱ्या शत्रूवर आपसूक वार होतो. दुसऱ्याने वार बसलेला शत्रू जागच्या जागी थांबतो. तिसरं कसब म्हणजे एक सौदा आहे : फाशावरचे पाच कमी धरा आणि वार बसला तर दहा जास्त इजा करा. शत्रूच्या चिलखताचा आकडा १५ असेल, तर या योद्ध्याचे वीसपैकी बारा वार बसतात. सौदा केला तर सातच बसतात, पण इजेची एकूण बेरीज सुमारे १०२वरून १३०च्या घरात जाते. हाच आकडा १८ झाला की सौदा किंचित तोट्याचा ठरतो. २०२४च्या सुधारित आवृत्तीत हा सौदा काढून टाकला आहे, पण या मुलांचा खेळ जुन्याच नियमांनी चालतो. भाचा हे सगळं तोंडपाठ सांगत होता आणि मी मनातल्या मनात शाबासकी देत होतो.

"मग बिघडलं कुठे?" मी विचारलं.

बिघडलं ते असं. शत्रू याच्या हालबर्डशीच थांबायचे आणि तिथेच पडायचे. बाकीच्यांची पाळी यायची तेव्हा मारायला कोणी उरायचं नाही. खेळ चालवणाऱ्या मुलीने म्हणून दांडगे शत्रू आणले. ते याला पुरून उरेनात, पण बाकीच्यांना एका घावात आडवं करू लागले. शेवटच्या रविवारी एका मांत्रिकाने याच्यावर माणसाला जखडून टाकणारा मंत्र टाकला. त्यातून सुटायला शहाणपण लागतं. शहाणपण आठ म्हणजे फाशातून एक वजा. पंधरा भरायला सोळा किंवा वर पडायला हवं होतं. वीसपैकी पाच बाजू. पडले नऊ. हा पुतळ्यासारखा उभा आणि शेजारच्या मित्राचा जादूगार मरता मरता वाचला. त्यावर हा मित्रांनाच म्हणाला, "तुमची पात्रं कच्ची आहेत, त्याला मी काय करू?"

अजिंक्य पात्रांची डोकेदुखी जुनीच आहे. १९७५ साली गायगॅक्सने एका खेळमेळाव्यासाठी 'टूंब ऑफ हॉरर्स' नावाचं भयंकर थडगं रचलं. १९७८ साली ते पुस्तकरूपात आलं. आपला योद्धा कुणालाच हार जात नाही अशी फुशारकी मारणाऱ्यांसाठी ते होतं. तिथे तलवारीचं काम थोडं, सापळ्यांचंच फार. अविचाराने पाऊल टाकलं की संपलात! पण थडग्याने घमेंड उतरली, तरी शेजारी कोण बसलंय हे कळतंच असं नाही.

मी भाच्याला विचारलं, "त्या मित्राच्या जादूगाराचं नाव काय रे?"

तो बघत राहिला. पाच महिने शेजारी बसून खेळलेला मुलगा. स्वतःच्या एकेका घावाचा हिशेब याला पाठ होता, ते नाव मात्र आठवेना.

त्याला बोल लावायला माझी जीभ उचलेना. तिशीत असताना एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनात मला दहा मिनिटं दिली होती. मी चाळीस मिनिटं वाचलं. ज्वालामुखी, वणवे, ब्रह्मांड, जेवढे वजनदार शब्द होते तेवढे ओतले. टाळ्या पडल्या. माझ्यानंतर वाचायचं होतं ते एक वयस्क गृहस्थ घडी घातलेला कागद हातात धरून बसले होते. लोकांची शेवटची एस.टी. चुकेल म्हणून अध्यक्षांनी आभार मानून टाकले. त्या गृहस्थांनी कागद खिशात घातला आणि मला म्हणाले, "छान वाचलंत." त्या कागदावर काय होतं, मला आजतागायत कळलेलं नाही.

हे मी भाच्याला सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही. रात्री गच्चीवर जाऊन मात्र बराच वेळ फोनवर होता.

पुढची हकिगत त्याने पुण्याहून कळवली. माफी मागितल्यावर त्याच मित्राने कागद तपासायला घेतला आणि चूक दाखवली. अंगावर जड चिलखत असलं की बचावाच्या आकड्यात चपळाई धरतच नाहीत! चपळाईवर ओतलेले नऊ गुण बरेचसे वाया गेले होते. मग त्यातले पाच खर्चून शहाणपण तेरावर नेलं, चार खर्चून छाप बारावर. बेरीज तीच, सत्तावीस. योद्धा कमकुवत झाला का? मुळीच नाही, आता त्याला जखडणं थोडं अवघड झालं. आणि शत्रूला थांबवणाऱ्या त्या कसबाची दुसरी बाजूही त्याला कळली : हाताशी उभ्या असलेल्या शत्रूने सोबत्यावर वार केला, तर त्या हल्लेखोरावर आपल्याला उलटा वार करता येतो. हे नियमांत पहिल्यापासून लिहिलेलं होतं. पण त्यासाठी बहुधा सोबत्याच्या जवळ उभं राहावं लागतं.

"आता मी जादूगाराला चिकटून चालतो, मामू," तो म्हणाला. "आणि त्याचं नाव करवंदबुवा आहे. म्हातारा आहे, अंधाराला घाबरतो."

अजून सगळं सुरळीत झालेलं नाही. एक मैत्रीण याच्याशी मोजकंच बोलते. पण रविवारी याची खुर्ची मांडलेली असते. माझंही एक ठरलं आहे. कविसंमेलनात आता मी घड्याळ काढून समोर ठेवतो, आणि माझ्यानंतर कोण वाचणार आहे त्याचं नाव आधी विचारून घेतो.