रांगोळीची वाकडी ओळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी डॉक्टरी विषयावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या घरात घडलेले तुम्हांला ठाऊक असावे, म्हणून चिटणीसबाईंनी विचारताच हो म्हटले.

माझ्या थोरल्या जाऊबाई आपल्या मंगळवार पेठेतल्याच. वय अठ्ठावन्न. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मला म्हणाल्या, "अगं, ठिपके सरळ घातले तरी ओळ वाकडी का दिसते?" डावा डोळा झाकला की ओळ सरळ, उजवा झाकला की मध्येच पोट काढल्यासारखी. दुखणे नाही, लाली नाही. सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवला. एका दुकानातून नवा चष्मा आणला, खिसा हलका झाला, ओळ वाकडी ती वाकडीच.

महिन्याने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आत पाहिले, डोळ्याची सोनोग्राफी केली. मग डोळ्याचे सोडून भलतेच विचारू लागल्या. खोकला आहे का? वजन उतरले का? स्तनात गाठ लागते का? भावजी तर चिडलेच. तेव्हा बाईंनी कागदावर डोळा काढून दाखवला. पडद्यामागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. दुसरीकडे कर्करोग असला, तर त्याच्या पेशी रक्ताबरोबर वाहत येऊन तिथे रुजतात. पडदा उचलला जातो, म्हणून रेघ वाकडी, नजर धूसर, कधी डोळ्यापुढे चमक. बायकांत हे बहुधा स्तनाच्या कर्करोगातून येते, पण तो बहुतेक वेळा आधी कळलेला असतो. फुप्फुसातला मात्र गुपचूप वाढतो, आणि कधी कधी पहिली तक्रार डोळाच करतो.

छातीचा फोटो, सीटी स्कॅन, सुईने तुकडा काढणे, सगळे झाले. फुप्फुसाचाच निघाला. जाऊबाईंनी जन्मात विडी ओढलेली नाही. तरी जो तो विचारी, "घरात ओढते कोण?" मला त्या प्रश्नाची चीड येते. तंबाखू हे मोठे कारण खरेच; पण कधीही न ओढणाऱ्या बायकांनाही हा रोग होतो.

त्या तुकड्याची आणखी तपासणी झाली. पेशींत एक विशिष्ट बदल सापडला. न ओढणाऱ्यांत तो अधिक आढळतो म्हणे, आणि त्यावर रोज एक गोळी असते. रोग जाणार नाही, लांबवता येईल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तीन महिन्यांत डोळा निवळला, ओळ बरीच सरळ झाली.

घरच्यांनी रोगाचे नाव जाऊबाईंपासून लपवले होते. मला ते मुळीच पटले नव्हते. एके दिवशी त्या गोळ्यांचे खोके हातात घेऊन म्हणाल्या, "डोळा तुम्हीच बरा केलात, आता मी वाचू नको होय?" त्यानंतर घर मोकळे झाले. त्यांनी धाकटीचे लग्न उरकले, दागिन्यांची वाटणी स्वतः केली, कुणाचे उसने राहिले होते तेही फेडले. एकवीस महिने मिळाले.

आणखी एक खूण डॉक्टरीणबाईंनी सांगितली. फुप्फुसाच्या अगदी शेंड्याला गाठ झाली, तर ती डोळ्याकडे जाणारी शीर दाबते. त्या बाजूची पापणी थोडी उतरते, बाहुली बारीक होते, अर्ध्या चेहऱ्याला घाम येत नाही, खांदाही दुखतो. होर्नर नावाच्या स्विस डॉक्टरांनी 1869 साली डोळ्याची ही खूण एका चाळिशीतल्या बाईत पाहून लिहून ठेवली. तिचे कारण काही वेगळे असेल. अशी पापणी इतर कारणांनीही उतरते. खांदा दुखला की आपण तेल चोळतो, पण पापणीही उतरली असेल तर तेलावर भागवू नये.

आता चहाला उठण्यापूर्वी एकेक डोळा झाकून समोरच्या खिडकीचे गज पाहा. बहुतेकींना सरळच दिसतील. जिला वाकडे दिसतील तिने घाबरू नये. पण चष्म्याच्या दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. आपले सी.पी.आर. रुग्णालय इथून काही लांब नाही. सोबत हवी असेल तर मी येईन.