अफवेला आळा, वाणीला मोकळीक



मूलसारख्या वनव्याप्त तालुक्यात वाघाची वार्ता ही केवळ बातमी नसते. मोहफुले वा तेंदूपाने वेचण्यास रानात जावे की नाही, हे तिच्यावर ठरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर वाघाने माणसावर झडप घातल्याची चित्रफीत मोबाईलवरून सर्वत्र पसरली. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेली असल्याचे वन विभागाने स्पष्ट केले. अशा बनावट वार्तेची हानी दुहेरी असते. आज भीती पसरते आणि उद्या खऱ्या इशाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

अफवा प्राणही घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. तेव्हा निर्बंध नकोतच, असे म्हणता येणार नाही.

परंतु निर्बंध सैल शब्दांत घातला की सुक्याबरोबर ओलेही जळते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर व्यक्त झालेल्या मतावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-अ ला आव्हान देण्यात आले व २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा, हे शासनाच्याच पथकाने ठरवावे, ही २०२३ ची तरतूदही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

या निर्णयांतून मर्यादारेषा स्पष्ट होते. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले आणि सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी अशा ठराविक कारणांसाठीच वाजवी निर्बंधांना वाव ठेवला. हेतुपुरस्सर भय पसरविणारा शिक्षेस पात्र आहे. नुकसानभरपाई मिळाली नाही, वाघाचा बंदोबस्त झाला नाही, अशी तक्रार करणारा ग्रामस्थ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्येही, वाजवी कारणाने खरे मानून सद्भावनेने केलेल्या विधानाला अपवाद आहे. तक्रारीलाच अफवा ठरविले, तर माणसे बोलणे थांबवीत नाहीत, कुजबुजू लागतात. आणि कुजबूज हेच अफवेचे माहेर होय.

म्हणून पहिला उपाय खरी माहिती त्वरेने देण्याचा आहे. वाघ दिसल्याची खातरजमा वनरक्षकाने करावी. ती दवंडीने व ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेसह जाहीर व्हावी. वार्ता खोटी निघाल्यास तेही तितक्याच ठळकपणे सांगावे. पोलीस पाटलांनी परक्या माणसाविषयी संशय निर्माण होताच ठाण्याला कळवावे. शिक्षकांनी मुलांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी: हे कोणी पाहिले, कोठे, केव्हा? उत्तर मिळेपर्यंत संदेश पुढे धाडू नये. कायद्याचा दंडुका अखेरचा उपाय आहे. ज्या गावात खरी बातमी अफवेआधी पोहोचते, तेथे तो उगारण्याची वेळ क्वचितच येते.